लाइट गेली आणि गाणं हिट झालं

आयुष्यात मी पुष्कळ थापाडे पाहिले, आणि त्यांच्या पंगतीत बसायला मला कधी आमंत्रण लागलं नाही. पण कुवेतमध्ये, मंगफला आमच्या बिल्डिंगीत चौथ्या मजल्यावर जे गृहस्थ राहत होते, त्यांच्यापुढे मी म्हणजे नुसता शिकाऊ उमेदवार. आमची थाप कशी असते? चार माणसं हसली, चहा संपला, की ती आपली आपण मरते. यांची थाप एकच होती, पण कंपनीच्या बससारखी होती. रोज यायची, ठरल्या वेळी यायची, आणि सगळ्यांना आत कोंबल्याशिवाय पुढे सरकायची नाही.

थाप अशी, की अमेरिकेतल्या एका कंट्री रॉक बँडचा एक गाजलेला अल्बम ज्या दिवशी स्टुडिओत पुरा झाला, त्या दिवशी हे स्वतः तिथे हजर होते.

बँडचं नाव मी सांगत नाही. त्या बिचाऱ्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही.

गृहस्थ मूळचे नाशिकचे. रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशनला, म्हणजे दिवसभर प्रेशरचे काटे बघायचे. आखाती युद्ध संपून दोनेक वर्षं झाल्यावर कंपनीने यांना ट्रेनिंगसाठी टेक्सासला पाठवलं. तीन आठवडे. ज्यांनी अमेरिका शोधून काढली, त्यांनीसुद्धा तिचा एवढा गवगवा केला नसेल. गेले तेव्हा सफारी सूट घालून गेले, आले ते गुराखी होऊन. डोक्यावर परातीएवढी टोपी, पायात टाचेचे बूट, पोटावर बैलाच्या तोंडाचं पितळी बक्कल. ते बक्कल एवढं मोठं, की प्लँटच्या गेटवरचा कुवेती गार्ड रोज सकाळी कपाळाला हात लावायचा. "या मुदीर, ते ताट काढून ठेव, मशीन ओरडतंय." अरबीत 'या मुदीर' म्हणजे 'अहो साहेब'. हे त्या 'मुदीर'वर खूश व्हायचे, 'ताट' त्यांच्या कानापर्यंत पोचायचंच नाही.

एकदा धुळीच्या वादळात ती टोपी मंगफहून उडाली. दुसऱ्या दिवशी फाहिलच्या मासळीबाजारात सापडली म्हणतात, आत दोन झुबेदी घातलेल्या. झुबेदी म्हणजे आपलं पापलेट. मी पाहिलं नाही, पण त्यानंतर महिनाभर लिफ्टमध्ये त्यांच्याशेजारी उभं राहून मी नाकाने साक्ष दिलेली आहे.

कुवेतमध्ये दारूला बंदी. गुराख्याला तर संध्याकाळी व्हिस्की हवी. तर हे काचेच्या जाड बुडाच्या ग्लासात लबान घ्यायचे. लबान म्हणजे ताक हो, पिशवीतलं ताक! त्यात बर्फाचे दोन खडे टाकायचे, ग्लास फिरवायचा, डोळे बारीक करून एक घोट घ्यायचा आणि घसा जळल्यासारखं "हाऽऽ" करायचं. ताकाने घसा जळणारा जगातला हा एकमेव माणूस.

कंट्री रॉक म्हणजे काय, हे मंगफला यांनीच शिकवलं. "गुराख्याचं दुःख आणि त्याला इलेक्ट्रिक गिटार," अशी त्यांची व्याख्या. अल्बममध्ये गाणी दहा, त्यातली तीन हिट. हा हिशेब त्यांच्या डोक्यात इतका भिनला, की त्यांना सगळं जग तसंच दिसायला लागलं. त्यांच्या मते कुठल्याही गोष्टीत तीन हिट असतात, बाकीची अल्बमभरती. जेवायला बसले की ताटाकडे बघून निकाल द्यायचे. "आमटी हिट आहे. कोशिंबीर हिट. भाजी अल्बमभरती." त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, शांतपणे म्हणायच्या, "मग भरती आधी संपवा." एका मित्राला दुसरा मुलगा झाला, तेव्हा हे पेढा तोंडात टाकून पाळण्यात डोकावले आणि म्हणाले, "थोरला हिट होता. हा जरा अल्बमभरती वाटतो." तो मित्र सबाह अल-सालेमला राहायला गेला. कारण त्याने कंपनीला दुसरं दिलं, पण आम्हाला माहीत होतं.

आता ती मूळ थाप. दर शुक्रवारी दुपारी त्यांच्याकडे माणसं जमायची. कुटुंब घेऊन राहणारे आम्ही इंजिनिअर, आणि अब्बासियाहून बस पकडून येणारे कोकणातले एकटे गडी, कुणी वेल्डर, कुणी फिटर. वहिनींच्या हातचं जेवण हे खरं आकर्षण. अल्बम हा त्याचा कर. जेवण झालं की हे कॅसेट लावायचे आणि दहावं गाणं, म्हणजे तिसरं हिट, येईपर्यंत कुणाला चप्पल घालू द्यायचे नाहीत.

गाणं होतं साधंच. एक माणूस फार वर्षांनी लांबच्या कामावरून घरी येतो. रस्ता, कुंपण, पडवी, स्वयंपाकघरातला दिवा, सगळं बघत बघत दारापाशी येतो. दारावर हात ठेवतो, आणि... खटक. गाणं बंद. मध्येच, ओळीच्या पोटात. गिटारसुद्धा अर्धी.

त्या खटक्याबरोबर हे उठून उभे राहायचे. "ऐकलंत? ही लाइट गेली ती."

"टेक्सासात लाइट जाते?" कुणीतरी नवीन माणूस विचारायचाच.

"टेक्सासात मोठी जाते. मी काचेच्या अलीकडे उभा. आत मिट्ट काळोख. सगळा बँड डोक्याला हात लावून बसलेला. त्यांचा म्होरक्या, दाढीवाला, बाहेर आला आणि माझ्याकडे वळला. म्हणाला, दोस्त, तूच सांग, आता काय करू? मी म्हटलं, राहू दे. इथेच तोड. गाण्यातला माणूस आत गेला की नाही, ते ज्याने त्याने आपल्या घरी जाऊन ठरवू दे. तो दोन मिनिटं नुसता माझ्याकडे बघत राहिला. आणि गाणं हिट झालं."

"मग अल्बमवर तुमचं नाव कसं नाही, साहेब?" हे मी विचारायचो. दर शुक्रवारी विचारायचो.

"मीच नको म्हटलं. इकाम्याचे प्रश्न येतात."

इकामा म्हणजे कुवेतचा राहण्याचा परवाना. अमेरिकेतल्या अल्बमवर नाव छापल्याने कुवेतचा परवाना कसा अडतो, हे त्या परवान्याच्या कचेरीलाही सांगता आलं नसतं. पण गल्फमध्ये 'इकाम्याचे प्रश्न' म्हटलं की भलीभली माणसं गप्प होतात.

यांच्याबरोबर टेक्सासला गेलेला एक मल्याळी इंजिनिअर आमच्याच शिफ्टला होता. त्याला मी एकदा खोदून विचारलं, साहेब तिथे मोकळ्या वेळात कुठे जायचे? "सर? हॉटेल," तो म्हणाला. "लूज मोशन. मोस्टली."

असं असूनही एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे, मोठ्या नाखुशीने. त्या तुटलेल्या गाण्याने माणसं अस्वस्थ व्हायची. सगळेच वर्षातून एकदा महिनाभर गावी जाणारे. तो दार ढकलून आत गेला की नाही, यावर जे वाद व्हायचे, तसे पगारवाढीवरही झाले नाहीत. कणकवलीकडचा एक दांडगा वेल्डर होता. इंग्रजीचं अक्षर त्याला कळायचं नाही, साहेबांनी सांगितलेल्या अर्थावर तो भांडायचा. "तो भायरच रवतलो," तो खालमानेने म्हणायचा. "बायकोन वळखाक नको?" यावर गुराखी लबानचा घोट घेऊन "हाऽऽ" करायचे. जणू ते दार यांनीच सुताराकडून बसवून घेतलं होतं.

आणि अख्ख्या कुवेतमध्ये त्या थापेवर मनापासून विश्वास ठेवणारं माणूस एकच. त्यांची मुलगी.

ती जन्मली, वाढली तिथेच. मराठी तिला कळायचं सगळं, पण उत्तर इंग्रजीत. आईने "जेवायला ये" म्हटलं की आतून "कमिंग". गिटार मात्र सुरेख वाजवायची, गळाही आईचा होता. शाळेत मुलं चिडवायची, तुझा बाबा फेकतो. ती पोरगी त्यासाठी वर्गात मुलांशी कडाकडा भांडलेली होती. दहावीच्या वर्षी तिने जाहीर केलं, की मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात ते तिसरं हिट गाणार, बाबा होते तेव्हा जिथे तुटलं तिथेच तोडणार, आणि वर्गातल्या सगळ्या कुत्सित पोरांना पहिल्या रांगांत आणून बसवणार. बाबांच्या इभ्रतीची लढाईच मांडली तिने. बाबांनी काय करावं? बाबांनी पाहुणा बोलावला.

आमच्या प्लँटवर तेव्हा नवा अमेरिकन सुपरिंटेंडंट आला होता. टेक्सासचाच. माणूस म्हणजे उभा केलेला कॉम्प्रेसर, आवाजही तसाच. यांनी त्याला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावून टाकलं. "आमच्या अल्बमचं गाणं आहे," असं सांगून. आमच्या!

त्यानंतर आठवडाभरातली गोष्ट. माझी गाडी बंद पडली म्हणून त्या अमेरिकनाने मला आपल्या जीपमधून प्लँटवर नेलं. गाडीत सीडी लागलेली. मी ऐकतोय तर तोच अल्बम. रस्ता आला, कुंपण आलं, पडवी, दिवा. दारावर हात ठेवला. मी सवयीने खटक्याची वाट बघत डोळे मिटले.

खटका आलाच नाही.

गाणं पुढे चाललं. चांगलं दीड कडवं पुढे चाललं. अमेरिकन स्टिअरिंगवर ताल धरून गात होता, लहानपणापासून तोंडपाठ असल्यासारखं. मी विचारलं, "आणि ती लाइट?" तो म्हणाला, "कसली लाइट?"

मला जो आनंद झाला, त्यावर ती जीप पेट्रोलशिवाय सौदी सरहद्दीपर्यंत गेली असती. संध्याकाळी सीडी मागून घेतली आणि थेट चौथा मजला गाठला. हे घरी नव्हते. वहिनी मेथी निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, हातवारे करून, अमेरिकनाचा आवाज काढून. त्यांची मेथी थांबलीसुद्धा नाही.

"ती लाइट नव्हे भावजी, ती माझी भजनं."

"म्हणजे?"

"ट्रेनिंगहून आले आणि ते गाणं कुठून तरी डोक्यात घेऊन आले. फाहिलच्या दुकानात कॅसेट भरून घ्यायला निघाले. नवी कोरी घ्यायला जिवावर आलं. माझ्या भजनांची कॅसेट उचलली. मी दारात आडवी झाले. म्हटलं, एक बाजू घ्या, पण दुसऱ्या बाजूच्या माझ्या भजनांना हात लावलात तर याद राखा. एका बाजूत जेवढं मावलं तेवढं मावलं. तुम्ही सगळे त्या दाराबाहेर उभे राहून इतकी वर्षं वाद घालताय, आणि पलीकडच्या बाजूला आमचं भजनी मंडळ टाळ कुटतंय."

"आणि तुम्ही बोलला नाहीत कधी?"

"काय बोलू? सगळा जन्म यांचा काटे बघण्यात गेला. काटा जागेवर असला की काही घडलं नाही म्हणायचं, हीच नोकरी. एवढी एकच गोष्ट घडली, तीही न घडलेली. सांगू दे म्हटलं." मग त्यांनी जुडी खाली ठेवली. "पण पोर स्टेजवर जातेय. तिला हे त्यांनी सांगायला हवं. तुम्ही सांगितलंत तर ती तुमच्याशी भांडेल. मी सांगितलं तर माझ्याशी."

तेवढ्यात बक्कल आत आलं, मागून हे आले. वहिनींनी सरळ सांगितलं, "अहो, त्या गाण्याला पुढे अजून कडवं आहे. पाहुण्याला ते येतं. पोरीला आज सांगून टाका."

यांनी शांतपणे ग्लासात बर्फ टाकला. "असेल. सीडीवाले काहीही चिकटवतात."

मी सीडी पुढे केली. "ऐका तरी."

"मी ओरिजिनल ऐकलंय," ते म्हणाले, आणि ग्लास घेऊन बाल्कनीत गेले. त्या दिवशी "हाऽऽ" आलं नाही, एवढं मात्र मी टिपलं.

पुढे त्यांनी पोरीला काही सांगितलं नाही. उलट अमेरिकनाला गाठून म्हणाले, की कार्यक्रम फार लांबतो, सगळं मराठीत असतं, भाषणं असतात, खुर्च्या कडक असतात. अमेरिकन म्हणाला, आपल्याला कडक खुर्च्या आवडतात.

तर तो शुक्रवार उगवला. अब्बासियातल्या एका शाळेचा हॉल. आधी अध्यक्षांचं भाषण, मग इंजिनिअरांच्या बायकांची लावणी, मग एक विनोदी नाटुकलं, ज्यात विनोद सोडून सगळं होतं. अमेरिकन पहिल्या रांगेत, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. शेजारी आमचे गुराखी, त्यांच्या मागच्या खुर्चीवर मी, मोक्याच्या जागी. पलीकडे मुलीच्या वर्गातली पोरं, दात काढायला तयार.

पोरगी आली. साधी बसली, गिटार मांडीवर घेतली आणि गायला लागली. मी हसायला आलो होतो, पण तिने असं काही गायलं, की हॉलमधली खाकरणारी माणसंही विसरली खाकरायला. रस्ता, कुंपण, पडवी, दिवा. दारावर हात ठेवला आणि तिने पंजा तारांवर दाबला. खटक. तसंच, ओळीच्या पोटात.

एक क्षण शांतता. आणि त्या शांततेत अमेरिकन पुढचं कडवं गायला लागला.

डोळे मिटलेले होते त्याचे, नारळ पोटाशी धरलेला. दीडेक ओळ गेल्यावर त्याला कळलं, की आपण एकटेच गातोय. तो लाल झाला, "सॉरी, सॉरी" करायला लागला. पण पोरांना तेवढं पुरे होतं. शिट्ट्या सुरू झाल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "अंकल, लाइट आली!" हॉल फुटला.

ती हसली नाही. माइक जवळ घेतला आणि थेट बापाकडे बघितलं.

"बाबा, यू वेअर देअर. व्हॉट कम्स नेक्स्ट?"

त्या आवाजात टोमणा नव्हता हो. ती खरोखर विचारत होती. तुम्ही होतात ना तिथे, मग सांगा, पुढे काय आहे? वहिनी पलीकडच्या रांगेत पदर मुठीत धरून बसल्या होत्या. आमचे गृहस्थ उठले. टोपी काढली. सगळ्या हॉलकडे एकदा नजर फिरवली, आणि मला वाटलं, आता हा माणूस जन्मात पहिल्यांदा खरं बोलणार.

"लाइट गेल्यावर मी निघालो," ते म्हणाले. "माझी फ्लाइट होती. लाइट नंतर आली असणार."

असा हशा मी पुन्हा ऐकला नाही. शाळेच्या छताचे दोन पत्रे निखळले, लावणीवाल्या एका वहिनींचा अंबाडा सुटला, आणि बाहेर उभ्या असलेल्या बसचा ड्रायव्हर आग लागली समजून पळाला. पोरगी तेवढा वेळ थांबली. सगळं विरलं तेव्हा ती बोलली, आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत मराठीत बोलली. हुबेहूब आईच्या आवाजात.

"बाबा, बसा खाली."

ते बसले.

मग तिने अमेरिकनाला स्टेजवर बोलावलं. तो गायला लागला, ती त्याच्या ओठांकडे बघत सूर धरत गेली, आणि ते उरलेलं दीड कडवं मंगफ-अब्बासियाच्या मराठी माणसांनी पहिल्यांदा ऐकलं. फार काही नव्हतं त्यात. दार आतून उघडतं. बायको बघते, म्हणते, उशीर केलास, जेवण गार झालंय, हात धुऊन ये. संपलं. मागे कुणीतरी इंग्रजीचा अर्थ हलक्या आवाजात सांगत होतं, आणि सांगून व्हायच्या आत तो कणकवलीचा वेल्डर मोठ्याने म्हणाला, "वळखल्यान!" यावेळी कुणी हसलं नाही.

मी पुढे वाकलो, यांचं तोंड बघायला. तिकीट काढून आलेल्या माणसासारखा वाकलो. ते स्टेजकडे बघत होते, टोपी गुडघ्यावर. मान न वळवता म्हणाले, "पुढचं चांगलं आहे रे."

मी काही बोलायच्या आत त्यांनी घसा साफ केला. "बेस गिटार जरा कमी आहे. मी तेव्हाच सांगितलं होतं त्यांना."

काय करायचं अशा माणसाचं?

कार्यक्रम संपल्यावर बाहेर पार्किंगमध्ये आम्ही गाड्यांपाशी उभे होतो. अमेरिकन शाल सांभाळत आला. पोरीचं कौतुक केलं, आणि मग अगदी भाबडेपणाने यांच्याकडे वळला. म्हणाला, तुम्ही खरंच तिथे होतात? कुठला स्टुडिओ तो? कुठलं गाव?

यांनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते इंजिन सुरू झालं नाही. बक्कलावर हात ठेवून नुसते उभे. अमेरिकन वाट बघतोय. पोरगी गिटार गाडीत ठेवत होती, तिने मागे वळून बापाकडे पाहिलं. काही क्षण नीट पाहिलं. मग डिकी बंद केली, त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिली, आणि अमेरिकनाच्या डोळ्याला डोळा भिडवून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाली,

"ही कान्ट रिमेंबर, सर. इट वॉज टू डार्क."

अमेरिकनाने गंभीरपणे मान डोलावली.

वहिनी माझ्याशेजारी उभ्या होत्या. त्यांनी एक लांब सुस्कारा टाकला.

"घ्या भावजी," त्या म्हणाल्या. "आता घरात दोन झाले."